उपज, बंदिश आणि गायकाचा स्वतःचा सूर

१

कवीच्या स्वतंत्रतेविषयी बोलताना समीक्षेस फारशी अडचण पडत नाही. कवितेतील शब्दयोजना कवीची असते, प्रतिमा त्याच्या असतात, आणि पूर्वसूरींचे ऋण दाखवून दिल्यावरही जे शेष उरते ते निःसंशय त्याचे असते. ख्यालगायकाची गोष्ट निराळी आहे. तो जो राग गातो तो पिढ्यान् पिढ्या चालत आलेला असतो. जी बंदिश तो मांडतो ती बहुधा सदारंगाची, अदारंगाची किंवा एखाद्या अज्ञात वाग्गेयकाराची असते. ताल परंपरेने ठरलेला, आणि आलापाची, बोलअंगाची व तानेची रीत गुरूने घालून दिलेली. इतके सारे दुसऱ्याचे असूनही जाणता श्रोता पडद्याआडून दोन आवर्तने ऐकतो आणि गायकाचे नाव सांगतो. हे ओळखणे कशाच्या बळावर घडते, हा कलामीमांसेतील एक मूलभूत प्रश्न आहे.

आवाजाच्या जातीवरून ओळख पटते, हे उत्तर तोकडे आहे. आवाज हा जन्मतः लाभतो. गायकाला स्वतःचे असे काही सांगावयाचे नसले तरी त्याचा आवाज त्याचाच असतो. उलटपक्षी, आवाज वयाने किंवा आजाराने पालटला तरी गायकाची ओळख मिटत नाही, असेही वारंवार दिसून आले आहे. तेव्हा ‘स्वतःचा सूर’ या शब्दप्रयोगात कंठधर्माहून अधिक काही अभिप्रेत असले पाहिजे. ते काय, आणि ते उपजेतून व रचनेतून कसे घडते, याचा विचार करणे आवश्यक आहे. संगीताचे शिक्षण गुरुगृहातून विद्यालयात आल्यापासून तर या प्रश्नाला केवळ तात्त्विक महत्त्व राहिलेले नाही. विद्यालयात राग शिकवता येतो, ताल शिकवता येतो, बंदिश शिकवता येते. परंतु या सर्वांवर उभा राहणारा स्वतःचा सूर शिकवता येतो काय, हे जर सांगता येत नसेल तर विद्यालयाच्या प्रयोजनाविषयीच शंका उपस्थित होते.

२

या प्रश्नाची मांडणी मराठी मुलखातच फार पूर्वी झाली आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यातील प्रकीर्णकाध्यायात गायकांचे पाच प्रकार सांगितले आहेत: शिक्षाकार, अनुकार, रसिक, रंजक आणि भावक. शिक्षाकार तो, जो निर्दोष शिकवू शकतो. अनुकार दुसऱ्याच्या रीतीचे अनुकरण करतो. रसिक रसाविष्ट होऊन गातो, रंजक श्रोत्यांचे मन रिझवतो, आणि भावक गीतास काही विशेष उत्कर्ष प्राप्त करून देतो. या वर्गीकरणात अनुकाराला गायकांच्या पंक्तीतून उठवलेले नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अनुकरण ही गायकीची एक मान्य अवस्था आहे. मात्र भावकाचे स्थान तिच्याहून स्वतंत्र आहे, इतकेच शार्ङ्गदेव दर्शवितो.

त्याच अध्यायात वाग्गेयकाराचे लक्षण येते. ‘मातु’ म्हणजे शब्दरचना आणि ‘धातु’ म्हणजे स्वररचना. दोन्ही जो करू शकतो तो वाग्गेयकार. त्यांतही तारतम्य आहे. धातू समर्थ पण मातू दुबळी असेल तर तो मध्यम; मातू रम्य पण धातू दुबळी असेल तर तो अधम. दुसऱ्याच्या चालीवर नवे शब्द बसवणारा तर ‘कुट्टिकार’ म्हणूनच ओळखला जातो. साहित्याच्या अभ्यासकास हा निकष कदाचित कठोर वाटेल. परंतु संगीतात रचनेचे स्वत्व शब्दांत नसून स्वरवाक्यात असते, हा त्यामागील सिद्धान्त स्पष्ट आहे.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. गायनाचे निबद्ध व अनिबद्ध असे दोन भाग मानूनही शार्ङ्गदेवाने त्यांच्यामध्ये भिंत उभी केलेली नाही. रागालप्तीच्या जोडीला तो रूपकालप्ती सांगतो, म्हणजे बद्ध गीताला धरून, त्याचेच खंड घेऊन, ते मोडून व पुन्हा जुळवून केलेली आलप्ती. आजचा ख्यालगायक मुखडा धरून जी बढत करतो, किंवा बंदिशीचे बोल निरनिराळ्या लयखंडांत वाटून जी बोलबाँट करतो, तिचे बीज येथे आहे. रचना आणि उपज हे एकाच व्यापाराचे दोन काठ आहेत, ही जाणीव आपल्या शास्त्रात आरंभापासून होती.

३

सर्वसामान्य समज असा की, बंदिश हा गायनातील बांधलेला भाग आणि उपज हा मोकळा. प्रत्यक्षात दोन्ही विधाने अर्धवट खरी आहेत. मौखिक परंपरेत एकच बंदिश दोन घराण्यांत दोन रूपांनी आढळते. किंबहुना एकच गायक आज घेतलेली अंतऱ्याची उठावणी उद्या किंचित बदलून घेतो. दुसरीकडे, उपज म्हणून जे ऐकू येते त्यातील बराचसा भाग वर्षानुवर्षांच्या रियाजात घोटलेला असतो. मैफलीत गायक नवे स्वर निर्माण करीत नाही. जवळ असलेल्या असंख्य स्वरवाक्यांतून या क्षणी कोणते घ्यावयाचे, कोणते टाळावयाचे आणि ते कोठे आणून सोडावयाचे, याची निवड तो करीत असतो.

ही निवड किती सूक्ष्म असते हे भूपाली आणि देशकार या दोन रागांवरून कळते. दोहोंत तेच पाच शुद्ध स्वर आहेत. परंतु भूपालीत गंधार वादी आणि चलनाचा भर पूर्वांगात, तर देशकारात धैवत वादी आणि भर उत्तरांगात. स्वर तेच असता केवळ कोठे थांबावे, कोणता स्वर नुसता ओझरता घ्यावा, यावरून राग बदलतो. जी गोष्ट रागाच्या बाबतीत खरी आहे तीच गायकाच्या बाबतीतही खरी आहे. एकाच भूपालीत एक गायक गंधारावर विसावतो आणि षड्जाकडे सावकाश परततो. दुसरा पंचमावरून झेप घेऊन वरच्या षड्जाला स्पर्श करतो आणि समेवर येण्यापूर्वी शेवटच्या दोन मात्रा रिकाम्या ठेवतो. या आवडी-नावडी पुन्हापुन्हा घडू लागल्या, त्यांच्यात आपापसांत एक सुसंगती आली, म्हणजे त्यांस गायकाचा स्वतःचा सूर म्हणावयाचे. थोडक्यात, सुसंगत निवडीची ही सवय होय. आणि निवड म्हटली की तीत त्यागही आलाच. गायक काय गात नाही, हे तो काय गातो याइतकेच त्याच्या ओळखीचे अंग आहे.

बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथात लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन नियम सांगितले. ख्यालाच्या एका आवर्तनाला ते सहज लागू पडतात. मुखड्याशी संवाद साधून आलाप निघतो, मग तालाच्या ओघाशी व बंदिशीच्या मूळ वळणाशी त्याचा विरोध वाढत जातो, आणि समेवर दोहोंचा समतोल साधला जातो. विरोध किती ताणावयाचा हे मात्र कोणताही नियम सांगत नाही. तेथे गायकाचा स्वभाव प्रकट होतो.

वामनराव देशपांडे यांच्या ‘घरंदाज गायकी’ या १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने याच विचाराला घराण्यांच्या पातळीवर नेले. स्वर आणि लय ही दोन टोके कल्पून त्यांनी घराण्यांची मांडणी केली. किराणा स्वराच्या टोकाकडे, आग्रा लयीच्या टोकाकडे, आणि जयपूर दोहोंचा तोल सांभाळणारे. घराण्याच्या कायद्याचे मूळ संस्थापकाच्या आवाजधर्मात असते, हा त्यांच्या विवेचनातील विचार येथे विशेष उपयोगी आहे. आज जी शिस्त म्हणून शिष्याच्या गळ्यात उतरवली जाते ती एके काळी कोणा एका गायकाची व्यक्तिगत निवड होती. परंपरा म्हणजे स्थिरावलेले व्यक्तिवैशिष्ट्य, असे म्हणावयास त्यामुळे प्रत्यवाय नाही.

४

या साऱ्या चर्चेला विद्यालयीन शिक्षणाच्या संदर्भात कसोटीवर लावावयाचे तर रायपूरच्या परिसराकडे वळणे इष्ट ठरेल. मराठी वाचकास हा प्रदेश अगदीच परका नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापासून छत्तीसगडावर नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती. पुढे मध्यप्रांत-वऱ्हाडात आणि स्वातंत्र्यानंतरच्या जुन्या मध्य प्रदेश राज्यात रायपूर व नागपूर एकाच राज्यकारभारात नांदत होते. ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक १९०० साली सुरू करणारे माधवराव सप्रे मराठी भाषकच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना होऊन नागपूर मुंबई राज्यात गेले व रायपूर नव्या मध्य प्रदेशात राहिले. या फाळणीच्या अवघे अठरा दिवस आधी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, राजनांदगावच्या उत्तरेस असलेल्या खैरागड या संस्थानी गावी इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयाची स्थापना झाली. खैरागडचे राजे वीरेंद्र बहादुर सिंह व राणी पद्मावती देवी यांनी आपल्या दिवंगत कन्येच्या स्मरणार्थ राजवाडा विद्यापीठास दिला. केवळ संगीत आणि ललितकला यांच्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ ही त्या काळी अपूर्व घटना होती. त्याच्या अगदी आरंभीच्या वर्षांत कुलगुरुपदाची धुरा श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांनी वाहिली.

रातंजनकर खैरागडला आले ते एका मोठ्या वादाचा वारसा घेऊन. त्यांचे गुरू विष्णु नारायण भातखंडे यांनी (१८६०–१९३६) निरनिराळ्या दरबारांतील उस्तादांकडून शेकडो चिजा मिळवल्या, त्यांना स्वरलिपी दिली आणि क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांतून त्या प्रसिद्ध केल्या. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ हा त्यांचा चार भागांचा शास्त्रग्रंथ मराठीत, गुरुशिष्यसंवादाच्या रूपाने लिहिलेला आहे, ही गोष्ट मराठी वाङ्मयाच्या इतिहासकारांनीही ध्यानात ठेवण्याजोगी होय. या कार्यावर त्या काळी जो आक्षेप घेतला गेला तो पूर्णतः निराधार नव्हता. लिपीत मींड उतरत नाही, श्रुतीचा चढउतार उतरत नाही, लयीची ओढ उतरत नाही. जे उतरते ते सांगाड्यासारखे असते. मग पुस्तकावरून शिकलेल्या विद्यार्थ्याला सांगाडाच हाती येणार, आणि शंभर विद्यार्थी एकच सांगाडा एकाच रीतीने उभा करणार, अशी ती भीती होती. स्वतःचा सूर हरवण्याची भीती याहून स्पष्ट शब्दांत सांगता येणार नाही.

या आक्षेपाला तर्काने उत्तर देता येते; परंतु रातंजनकरांचे उत्तर त्यांच्या आयुष्यात मिळते. मुंबईत जन्मलेल्या रातंजनकरांनी लहानपणापासून भातखंड्यांकडे शास्त्र व चिजा यांचा अभ्यास केला. मग बडोद्यास आग्रा घराण्याच्या फैयाझ खाँसाहेबांचा गंडा बांधला. एकाच तरुणाला ग्रंथाची शिस्त आणि उस्तादाची तालीम अशा दोन्ही वाटा चालावयास मिळाल्या. फैयाझ खाँच्या गायकीत नोमतोमचा आलाप, बोलांची बनावट आणि समेवर येण्यातील नाट्य यांना जे महत्त्व होते ते कोणत्याही पुस्तकातून शिकता आले नसते. उलट, रागांच्या परस्परसंबंधांची जी विस्तृत जाण भातखंड्यांनी दिली, ती एका घराण्याच्या भिंतीत राहून सहजासहजी मिळाली नसती. लखनौच्या मॅरिस कॉलेजात १९२८ पासून प्राचार्य या नात्याने रातंजनकरांनी जे शिकवले त्यात या दोन्ही प्रवाहांचा संगम होता. लिपी ही वहीत राहिली. वर्गात मात्र बंदिश गळ्यातून गळ्यात जात होती.

५

रातंजनकरांनी स्वतः शेकडो बंदिशी रचल्या. ध्रुपद, धमार, ख्याल, टप्पा, तराणा असे सर्व प्रकार त्यांनी हाताळले. ‘अभिनव गीत मंजरी’च्या भागांतून त्या संगृहीत झाल्या. ‘सुजान’ ही त्यांची मुद्रा. केदारबहार, सावनी केदार, मार्गबिहाग, रजनीकल्याण, सालगवराळी हे राग त्यांच्या नावाशी निगडित आहेत. एवढ्या संख्येने रचना कशासाठी? शिक्षकाला विद्यार्थ्यांसाठी सोप्या चिजा लागतात, एवढेच उत्तर पुरेसे नाही. भातखंड्यांनी संकलित केलेल्या भांडारात पुष्कळ प्रसिद्ध रागांच्या उत्तमोत्तम चिजा होत्याच. रातंजनकरांची रचना पाहता असे दिसते की, बंदिश हे त्यांचे रागचिंतनाचे साधन होते. रागाची जी एखादी वाट पूर्वीच्या चिजांनी उघडली नव्हती, ती उघडून दाखवावयाची तर भाषणापेक्षा चार ओळींची बंदिश अधिक समर्थ ठरते. मुखडा कोणत्या मात्रेवरून उठतो, सम कोणत्या स्वरावर येते, अंतरा कोणत्या वळणाने वर चढतो, एवढ्याने रागाचा एक नवा नकाशा गायकाच्या हाती पडतो.

येथे उपज आणि रचना यांचा खरा संबंध कळून येतो. रियाजात किंवा मैफलीत एखादे स्वरवाक्य अकस्मात सुचते. ते पुन्हा आठवते. पुन्हा आठवले की त्याला शब्द मागावेसे वाटतात. शब्द मिळाले की तो मुखडा होतो. अशा रीतीने उपज थिजून रचना होते. पुढे हीच बंदिश दुसरा गायक हाती घेतो, तेव्हा ती पुन्हा वितळते आणि तिच्यातून त्याची उपज वाहू लागते. पाश्चात्त्य संगीतात लेखन व गायन-वादन यांची फारकत झाली असली तरी तेथेही हा संबंध मुळात होता. १७४७ साली पोट्सडॅमच्या राजवाड्यात फ्रेडरिक राजाने दिलेल्या विषयावर योहान सेबास्टियन बाख याने तेथल्या तेथे तीन स्वरधारांचा फ्यूग वाजवून दाखविला. त्याच विषयावर सहा स्वरधारांचा फ्यूग मात्र त्याने त्या वेळी वाजवला नाही. तो घरी परतून लिहिला, आणि ती सारी रचना त्याच वर्षी प्रसिद्ध केली. तत्क्षणी जे साधते आणि विचारांती जे साधते, त्यांतील अंतर बाखला ठाऊक होते. उपजेची मर्यादा ओळखून त्याने रचनेला हात घातला.

विद्यालयाने स्वतःचा सूर मारला काय, या प्रश्नाचे उत्तर रातंजनकरांच्या शिष्यवर्गाकडे पाहून द्यावे. के. जी. गिंडे यांनी विद्येची शुचिता जपली आणि चिजांचा अफाट संग्रह जिवंत ठेवला. चिदानंद नगरकरांची गायकी आवेशपूर्ण आणि मैफल जिंकणारी होती. दिनकर कायकिणी ‘दिनरंग’ या मुद्रेने स्वतः वाग्गेयकार झाले. एस. सी. आर. भट यांनी गुरूची चीज तिच्या मूळ डौलासह मांडण्यात आयुष्य वेचले. सुमती मुटाटकर यांनी ध्रुपद-धमाराकडे व शास्त्राकडे लक्ष वळवले, तर व्ही. जी. जोग यांनी हीच विद्या व्हायोलिनवर नेली. एकाच गुरूकडून, एकाच पुस्तकांच्या संचावरून शिकलेल्या या मंडळींचे गाणे-वाजवणे एकमेकांसारखे झाले नाही. याचे कारण उघड आहे. त्यांना अनेक राग आणि एकेका रागात अनेक बंदिशी मिळाल्या. निवडीला क्षेत्र मिळाले. ज्याच्याजवळ एका रागाची एकच चीज आहे त्याला त्या चिजेचाच राग करावा लागतो. ज्याच्याजवळ दहा आहेत, त्याला दहांच्या पलीकडचा राग दिसू लागतो आणि त्यात आपले स्थान शोधता येते.

६

तथापि विद्यापीठाच्या भिंतीबाहेरच्या छत्तीसगडाकडे दुर्लक्ष करून हे विवेचन पुरे करणे अन्यायाचे होईल. रायपूर आणि दुर्गच्या मुलखात ज्या लोकपरंपरा नांदतात त्यांत उपजेला ख्यालाइतकेच मानाचे स्थान आहे. फक्त तेथे तिचे शास्त्र लिहिले गेलेले नाही. ददरियामध्ये शेतात काम करणारी माणसे दोन-दोन ओळींची पदे एकमेकांना उत्तर म्हणून जोडीत जातात. चाल ठरलेली असते, उत्तर मात्र जागच्या जागी रचावे लागते. पंडवानीत महाभारताची कथा गाऊन सांगितली जाते, आणि तेथे तर रचना व उपज यांचा भेद दोन शाखांच्या नावांतच उमटला आहे. वेदमती शाखेचा गायक ग्रंथाला धरून, बहुधा बसून गातो. कापालिक शाखेचा गायक स्मृती व कल्पना यांच्या बळावर, उभा राहून, हातातील तंबुऱ्याची कधी गदा तर कधी धनुष्य करीत कथा वाढवतो. सोबतीचा ‘रागी’ हुंकार देतो, मध्येच प्रश्न विचारतो, आणि त्या प्रश्नाने कथेला अनपेक्षित वळण मिळते. दुर्गकडील गनियारी गावच्या तीजनबाईंनी आजोबा ब्रजलाल यांच्याकडून ऐकत ऐकत ही विद्या मिळवली, आणि स्त्रियांनी बसूनच गावे असा प्रघात असता कापालिक रीतीने उभ्याने गाणे स्वीकारले. त्यासाठी त्यांना समाजाचा रोष सोसावा लागला. स्वतःचा सूर ही केवळ सौंदर्याची बाब नसून तिची किंमतही मोजावी लागते, हे येथे दिसते.

रायपुरातच जन्मलेल्या हबीब तनवीर यांनी (१९२३–२००९) या लोकपरंपरेतून एक मोठा धडा घेतला. १९७३ साली त्यांनी रायपूरला नाचा कलावंतांची कार्यशाळा भरवली. कलावंतांना पाठ केलेले संवाद म्हणावयास लावण्याऐवजी त्यांच्या उपजेवर विसंबून प्रसंग उभे करविले. गाणी त्यांच्याच चालींतून घेतली. आणि त्या जुळणीतून ‘गाँव के नाँव ससुराल, मोर नाँव दामाद’ हे नाटक साकारले. येथे रचनाकार हा उपजेचा निवाडा करणारा झाला. कलावंतांनी दहा वाटांनी केलेल्या प्रसंगातून कोणती वाट ठेवावयाची हे ठरवणे, हीच त्याची रचना. गायकाच्या अंतर्यामी उपजणारा आणि निवडणारा असे जे दोघे एकत्र नांदतात, ते येथे दोन स्वतंत्र व्यक्तींच्या रूपाने दिसतात.

७

लोकधुनेतील उपज आणि रागसंगीतातील रचना या दोन वाटा एकाच व्यक्तीच्या ठिकाणी एकत्र आल्याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे कुमार गंधर्व. बेळगावजवळच्या सुळेभावी गावी १९२४ साली जन्मलेला हा मुलगा प्रथम प्रसिद्ध झाला तो निव्वळ अनुकार म्हणून. थोरामोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका तो हुबेहूब म्हणून दाखवी. पुढे मुंबईस बी. आर. देवधर यांच्या विद्यालयात त्याला अनेक घराण्यांच्या गायकींकडे चिकित्सक दृष्टीने पाहण्याची सवय लागली. १९४८ साली ते देवासला गेले. क्षयाने अनेक वर्षे गाणे बंद पडले, एक फुफ्फुस कायमचे दुर्बळ झाले. या सक्तीच्या मौनात माळव्यातील लोकधुना त्यांच्या कानांवर पडत राहिल्या. काही लोकधुनांत अद्याप आकारास न आलेले राग दडलेले आहेत, असे त्यांच्या ध्यानात आले. त्यांतून जे राग त्यांनी घडवले त्यांना ‘धुनउगम राग’ म्हटले गेले. मालवती, संजारी, लगनगंधार, मघवा ही त्यांची काही नावे. ‘अनूपरागविलास’ हा त्यांच्या रचनांचा पहिला भाग १९६५ साली प्रसिद्ध झाला.

आजारानंतरच्या त्यांच्या गाण्यात लहान लहान स्वरवाक्ये, त्यांमधील अर्थपूर्ण विराम आणि एकदम उसळणारा तार स्वर हे विशेष ठळक झाले. दमाच्या मर्यादेने ही शैली लादली, असे सोपे स्पष्टीकरण अनेकदा केले जाते. ते अपुरे आहे. मर्यादा पुष्कळांना असतात. परंतु मर्यादेला निवडीचे रूप देणे थोड्यांना साधते. कुमारांच्या बंदिशीतही तेच लहान वाक्य, तोच विराम आढळतो. म्हणजे गळ्याने जे स्वीकारले ते बुद्धीने रचनेत उतरवले आणि तेथून ते पुन्हा गळ्यात परतले. रातंजनकर आणि कुमार यांच्या वाटा अत्यंत भिन्न. एकाने शास्त्राच्या विस्तारातून रचना केली, दुसऱ्याने शास्त्राच्या अलीकडे असलेल्या धुनेतून. पण दोघांच्याही ठायी रचना हीच स्वतःच्या उपजेची परीक्षा होती.

८

टी. एस. एलियटने १९१९ साली परंपरा आणि व्यक्तिगत प्रतिभा यांविषयी लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात असे प्रतिपादिले की, नवी कलाकृती आली म्हणजे पूर्वीच्या साऱ्या कृतींचा परस्परसंबंध किंचित बदलतो. भारतीय संगीताला हे विधान विशेष अर्थाने लागू पडते, कारण येथे जुनी कृती ग्रंथालयात पडून राहत नाही, ती दररोज नव्याने गायली जाते. कुमारांच्या नंतर माळव्याची धुन पूर्वीसारखी ऐकू येत नाही. रातंजनकरांच्या चिजा ज्याच्या कानी पडल्या त्याला केदार आणि बहार यांच्यामधील अंतर निराळे दिसू लागते.

यावरून शिक्षणाविषयी काही निष्कर्ष निघतात. अनुकरणाची अवस्था टाळता येत नाही आणि टाळूही नये; मात्र ते एकाच आदर्शाचे राहिले तर त्यातून बाहेर पडणे दुष्कर होते. विद्यार्थ्याच्या हाती एकेका रागाच्या निरनिराळ्या वळणांच्या बंदिशी लवकर पडाव्यात. उपजेचा अभ्यास तानांच्या संख्येने न मोजता निवडीच्या कारणाने मोजावा: हा स्वर येथे का थांबला, हा मुखडा या मात्रेवरून का उठला? आणि रचना ही केवळ सिद्ध पुरुषांची मिरास न मानता विद्यार्थ्यानेही चार ओळींची बंदिश बांधून पाहावी. ती टिकेल अशी अपेक्षा नाही. परंतु बंदिश बांधताना, उपजेच्या ओघात जे झाकले जाते ते उघडे पडते. सुचलेले वाक्य खरोखर आपले आहे की कोठूनतरी ऐकलेले, हे कागदावर आणि पुन्हापुन्हा म्हणण्यात कळते. ‘नवा राग’ करण्याची घाई मात्र या अभ्यासास मारक होय. दोन रागांचे तुकडे जोडल्याने नाव नवे होते, सूर नवा होतोच असे नाही.

राहता राहिला प्रश्न, स्वतःच्या सुराची अंतिम कसोटी कोणती? गायक ओळखू येणे ही पहिली कसोटी खरी, पण ती अपुरी आहे. लकबीवरूनही गायक ओळखता येतो, आणि लकब ही बहुधा गायकाबरोबर संपते. वाग्गेयकाराच्या बाबतीत आणखी एक कसोटी लावता येते. ‘सुजान’ मुद्रेची एखादी चीज गिंडे गात तेव्हा ती त्यांची होई, कायकिणी गात तेव्हा त्यांची. आणि तरीही ती रातंजनकरांचीच राही. ज्या रचनेतून दुसऱ्या गायकास आपली उपज आढळते, आणि तरीही जिचे मूळ वळण पुसले जात नाही, तिच्यात रचनाकाराचा स्वतःचा सूर पुरतेपणी उतरला आहे असे समजावे. ख्यालाच्या परंपरेत व्यक्तिविशेषाची पूर्णता अशी दुसऱ्याला वाव देण्यात आहे. छत्तीसगडातील एका लहान गावी, एका राजवाड्याच्या दालनांत, ज्या पिढीने संगीताचे विद्यापीठ उभारले, तिने गुरुगृहातील ही देवघेव वर्गाच्या चार भिंतींत आणण्याचे साहस केले. ते यशस्वी झाले की नाही हे पदव्यांच्या संख्येवरून ठरणार नाही. तेथून बाहेर पडलेल्यांच्या गळ्यांत किती निरनिराळे सूर उमटले, यावरूनच ते ठरेल.